दोनदा विचारणारा मॅक्रो

२ मार्च, सोमवार

लागले बाई एकदाची कामाला! रोजनिशीची सवय कॉलेजात सुटली ती सुटलीच होती, पण आज कुणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि आप्पा केव्हाच झोपलेत.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली टायरचं दुकान, त्यामुळे जिना चढेपर्यंत नाकात रबराचा वास आणि वर पोचलं की कॉफीचा. माझं टेबल खिडकीपाशी. खुर्ची डावीकडे कलंडते. तक्रार केली तर दादा म्हणाला, तूही कलंडतेसच, जमेल तुमचं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, वेगळा राहतो. पाच वर्षं इथेच आहे. तयार झालेलं सॉफ्टवेअर मशीनवर पाठवायचं, हे त्याचं काम. माझा अर्ज त्यानेच दिला, मुलाखतीची उजळणीही त्यानेच घेतली, आणि आज सगळ्यांशी माझी ओळख करून देताना असा फुगला होता, की नोकरी त्यालाच लागलीय असं वाटावं.

आम्ही घरी वापरायची श्वासयंत्रं बनवतो. (‘आम्ही’! एका दिवसात!) झोपेत ज्यांचा श्वास थांबतो, अशा लोकांसाठी. मशीन मास्कमधल्या सेन्सरला सारखं विचारत राहतं, श्वास चालू आहे ना? थांबला असेल तर हवा आत ढकलायची आणि भोंगा वाजवायचा. स्क्रीनवर एकच मोठा हिरवा आकडा असतो, मिनिटाला श्वास किती. बास, एवढंच.

आप्पांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, असंच मशीन लागतं. छातीचे स्नायू दमलेत त्यांचे. जागेपणी ठणठणीत, म्हणजे माझ्यावर खेकसण्याइतके ठणठणीत, पण डोळा लागला की भरवसा नाही. घरातलं भाड्याचं मशीन इतकं घरघरतं, की शेजारचे विचारतात मिक्सर बिघडलाय का. तर आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की ज्याच्या घरी गरज आहे त्याला कंपनी नवं मशीन देते, कायमचं. मी तिथेच मुसमुसायला लागले. साहेब भला माणूस. कपाळावर सरकवलेला चष्मा टेबलावर शोधत शोधत त्यांनी टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवला.

४ मार्च, बुधवार

कामाचं सांगते. मशीनचा कोड सी भाषेत आहे, जुना आहे, आणि मॅक्रोंनी नुसता बुजबुजलाय. मॅक्रो म्हणजे रबरी शिक्का. कोडमध्ये जिथे त्याचं नाव दिसेल, तिथे कंपायलरने, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने, वाचायच्या आधीच सगळा मजकूर छापला जातो. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात, वाचणाऱ्याचे हाल होतात. आतून काय छापलं गेलं ते दिसतच नाही. फंक्शन म्हणजे शहाणं माणूस. त्याला काम सांगायचं, हातात सामान द्यायचं, ते एकदाच मोजून, एकच उत्तर घेऊन परत येतं. मला हे सगळे शिक्के काढून त्या जागी साधी, वाचता येणारी फंक्शनं बसवायची आहेत. परदेशी तपासणीस येणार आहेत आणि त्यांना मॅक्रो चालत नाहीत म्हणे.

ज्याने हा कोड लिहिला त्याला इथे सगळे ‘गुरुजी’ म्हणतात. निवृत्त होऊन लांब कुठेतरी राहतो. एका मॅक्रोत दुसरा, दुसऱ्यात तिसरा, आणि शेवटी कळतं की गुरुजींना फक्त दिवा लावायचा होता. मी दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. पण मजा येतेय. खूप दिवसांनी डोकं कामाला लागलंय.

९ मार्च, सोमवार

या ऑफिसची एक गोष्ट फार आवडली मला. जेवायच्या सुट्टीत सगळे एकमेकांच्या घरच्यांची चौकशी करतात. कारण प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी मशीनवर आहे! चाचणी करणाऱ्या मुलीची आई, हिशेबनिसाचा भाऊ. ताईंचा नवरा. ताई म्हणजे सर्किटचे बोर्ड बनवणाऱ्या बाई. हातावर डाग, बोलणं कमी. कुणी विचारतं, आज किती? ताई म्हणतात, आमचे सोळा. मग सगळे माना डोलवतात. आता मलाही विचारतात, आप्पा किती? मी ऐटीत सांगते, पंधरा, कधी सोळा.

दुखणं घरात असलं की माणूस एकटा पडतो. इथे तसं वाटत नाही. घरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

१२ मार्च, गुरुवार

नवं मशीन आलं! दादाने स्वतः आणून बसवलं आणि जुनं भाड्याचं जाताना घेऊनही गेला. इतकं शांत, की मावशी घाबरल्याच, बंद पडलं म्हणाल्या. मावशी म्हणजे दिवसा आप्पांपाशी बसणाऱ्या बाई. आप्पा मास्कमधून बोलू शकत नाहीत, मग पांघरुणावर बोटांनी टाइप करतात. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, हात कुठला गप्प बसतो! मी बोटं वाचते. आज लिहिलं, बारकीने कमावलं. बारकी म्हणजे मी. मी नाक ओढत चहा करायला पळाले.

जाताना दादाला दरवाजात गाठून एकच गोष्ट विचारली. यात सॉफ्टवेअर कोणतं आहे? विकतात तेच ना? मी रोज उलथापालथ करतेय ते तर नाही ना? तो म्हणाला, वेडी आहेस का, आप्पांवर कुणी प्रयोग करील का? माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि वर एक टपलीही मारली.

१६ मार्च, सोमवार

आज ‘मॅक्स’ काढला. दोन आकड्यांतला मोठा निवडणारा मॅक्रो. कोडमध्ये पावलापावलावर आहे. सेन्सरने दिलेला आकडा अमुक एका किमान आकड्यापेक्षा मोठा असेल तर तो घ्यायचा, नाहीतर किमान घ्यायचा आणि मग भोंग्याचं बघायचं.

गुरुजींचा मॅक्रो म्हणजे धांदलच होती. शिक्क्याच्या मजकुरात तीच गोष्ट दोनदा येते, एकदा तुलनेला आणि एकदा उत्तराला. त्यामुळे ‘सेन्सरला विचार’ हेही दोनदा छापलं जायचं. एकाच गोष्टीसाठी सेन्सरला लागोपाठ दोनदा विचारणं! शाळेत ही चूक केली असती तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं. माझं फंक्शन एकदाच विचारतं. तीन ओळी, आरशासारख्या स्वच्छ.

माणसाच्या जागी पंपाने हलणाऱ्या रबरी फुप्फुसावर चाचणी घेतली. सगळं पास. आलेख तर आधीपेक्षा गुळगुळीत. साहेब खूष झाले, खांदा थोपटला. ताई मागे उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलणार असं वाटलं, पण साहेबांकडे बघून निघून गेल्या.

१८ मार्च, बुधवार

घरी आप्पांचा आकडा काय सुरेख! सोळा म्हणजे सोळा. मधे एखादा भोंगा वाजायचा, तोही बंद झालाय. नवं मशीन ते नवं मशीन. मावशींनाही दुपारची डुलकी मिळते.

१९ मार्च, गुरुवार

नीट लिहिते.

दुपारी लवकर घरी आले. आप्पा झोपले होते. मास्क चेहऱ्यावर होता आणि स्क्रीनवर सोळा. मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले, सहज त्यांच्याकडे बघितलं, आणि ओठ निळे. जांभळासारखे निळे! छाती हलत नव्हती. मी किंचाळले. मावशी धावल्या, दोघींनी मिळून त्यांना उठवून बसवलं, पाठीवर जोरजोरात थापट्या मारल्या. केवढा वेळ गेला असं वाटलं. मग एकदम मोठा श्वास आला, खोकला आला, डोळे उघडले.

या सगळ्यात भोंगा वाजला नाही. मी मुद्दाम बघितलं होतं. मी किंचाळत होते आणि स्क्रीनवर शांतपणे सोळा होते.

दादा धावत आला. आप्पांचा हात हातात घेऊन बसला, डोळे भरून आले होते त्याचे. मग म्हणाला, मास्क सैल बसलाय, बाहेरची हवा लागून सेन्सर चकतो. मावशींना झापलं. मी परत विचारलं, सॉफ्टवेअर जुनंच आहे ना? चिडला. एकदा सांगितलेलं कळत नाही का म्हणाला. कळतं. दादा आहे तो. त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

२० मार्च, शुक्रवार

मास्क घट्ट केला. डॉक्टर बघून गेले, काही नाही म्हणाले. आता मी आप्पांशेजारीच चटई टाकते. आकड्यावर विश्वास बसत नाही, म्हणून हात त्यांच्या छातीवर ठेवून पडते. आप्पा बोटांनी लिहितात, ऊठ, हात जड आहे तुझा.

जेवताना ताईंनी विचारलं, आप्पा किती? मी म्हटलं सोळा. ताईंचा घास हातातच राहिला.

२३ मार्च, सोमवार

सगळं एकाच दिवसात कळलं. कसं लिहू?

सकाळी आप्पांच्या मशीनचं मागचं बटण उगाच जरा जास्त वेळ दाबून धरलं. हिरवा आकडा गेला आणि बारीक अक्षरं आली. सॉफ्टवेअर कधी बनलं ती तारीख आली. सोळा मार्च. खाली बनवणाऱ्याची आद्याक्षरं. माझी.

माझी! माझं अर्धवट, तपासणी न झालेलं काम आठवडाभर माझ्या बापाच्या नाकातोंडावर चालतंय.

तशीच ऑफिसला गेले आणि ताईंना जिन्यात धरलं. आधी त्या सोडा, सोडा म्हणत होत्या. मग तिथेच पायरीवर बसल्या आणि बोलल्या. तो सेन्सर झोपतो. हवा लागत असली की जागा असतो आणि खरं मोजतो. पण श्वास थांबला, हवा लागेनाशी झाली, की झोपतो, आणि कुणी विचारलंच तर झोपेतच शेवटचा आकडा सांगतो. लगेच दुसऱ्यांदा विचारलं, तरच उठून खरं उत्तर देतो. गुरुजींना हे माहीत नव्हतं. त्यांच्या गबाळ्या मॅक्रोने नकळत दोनदा विचारलं, आणि कित्येक माणसं त्यावर जगली.

आणि मी ते स्वच्छ केलं.

रबरी फुप्फुस कधी थांबतच नाही, म्हणून चाचणीत काही दिसलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर माझ्या तोंडावर का नाही सांगितलं? ताई म्हणाल्या, माझा नवा बोर्ड एकदाच विचारायचा, तो माझ्याच घरी लावला होता; सेन्सर झोपतो हे माझ्या नवऱ्यावरूनच तर कळलं. मी म्हटलं, पण ते तर सोळा... त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. जेवताना कुणी विचारलं की तोंडातून येतं. तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते चिडले नाहीत, लाजलेही नाहीत. मुलाला गणित समजवावं तशा आवाजात समजावत होते. म्हणाले, कोड आज ना उद्या बदलावाच लागणार. पण सेन्सर झोपला तर किती वेळ झोपतो, मग स्वतःहून उठतो की नाही, हे कळायला हवं, आणि रबरी फुप्फुस माणसासारखं थांबत नाही. माणूस थांबावा लागतो. म्हणून इथे ज्याचा कोड, त्याचंच घर. दुसऱ्याच्या घरी कशाला पाठवायचं पाप, असं म्हणाले. पाप म्हणाले! मी विचारलं, मला न विचारता? ते म्हणाले, घरून होकार होता. तू मुलाखतीला येण्याच्या आधीच तुझ्या दादाने दिला होता. तुझे मार्क बेताचेच होते. आप्पांची केस बरोबर बसत होती.

चष्मा कपाळावरच होता.

टेबलावर जाऊन फंक्शन दुरुस्त केलं. दोनदा विचार, दुसरं उत्तर धर. एक ओळ वाढली, बस. पण मशीनवर पाठवणार दादाच. त्याचा फोन बंद.

घरी आले तर तो आप्पांपाशी बसून पेपर वाचून दाखवत होता. त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. केसाने गळा कापलास म्हटलं. माझ्याच हाताने माझ्या बापाचा—म्हटलं. तो म्हणाला, बारके, आप्पा तसेही किती दिवस आहेत? त्यांच्यावरून हजार घरं वाचतील. मी थोबाडीत मारली त्याच्या. आयुष्यात पहिल्यांदा. तो रडला. चुकलो म्हणाला, सकाळी पाठवतो म्हणाला, उद्या दुपारी हॉस्पिटलमध्ये खाटही मिळतेय, मी सोय केलीय म्हणाला. आणि मी—मी त्याचं परत ऐकलं.

मशीन काढून ठेवलं तर आहे ती हवाही जाईल. म्हणून आता एकच उपाय. आप्पांना झोपू द्यायचं नाही. झोपलेच तर छातीवर हात.

२४ मार्च, मंगळवार, सकाळ

आप्पा जागे आहेत. मी आणि मावशी रात्रभर आळीपाळीने बोलत राहिलो, गाणी म्हटली, चिमटे काढले. दमलेत बिचारे. बोटांनी लिहितात, झोपू द्या ग. मी नाही म्हणते. कधी नव्हे ते त्यांना नाही म्हणतेय.

दादा आलाय. म्हणतो, घात झाला, साहेबांनी माझं दुरुस्त न केलेलं काम आजच सगळ्या घरांना पाठवायचं ठरवलंय. अकराला. सगळ्या! चाचणीवाल्या मुलीची आई, हिशेबनिसाचा भाऊ, विकलेली हजारो मशीनं. थांबवायचं तर त्याच्या कॉम्प्युटरवरूनच थांबवता येईल, आणि साहेब त्याला आत घेणार नाहीत. मला घेतील. पासवर्ड दिला. म्हणाला, तू जा, मी आप्पांपाशी बसतो. मावशींनाही घरी जाऊन पडू दे, दमल्यात त्या.

मी त्याच्याकडून बोलून घेतलं. झोपू देणार नाही. स्क्रीन बघणार नाही. हात छातीवर ठेवणार. त्याने आप्पांच्या छातीवर हात ठेवून दाखवला.

जाते. पळत जाते नि येते.

दहा वाजून गेलेत. ऑफिस

पासवर्ड चालला. पाठवायच्या मशीनची यादी उघडली.

एकच मशीन आहे.

आमचं. बाकी कुठलंच घर नाही. अकराला काही जाणार नाही. कुठेच काही जाणार नव्हतं. मला घरातून काढायचं होतं त्याला.

दुरुस्त केलेलं पाठवलं. गेलं नाही. कुलूप आहे. ‘चाचणी पूर्ण होईपर्यंत बदल नाही.’ कुलूप कुणी लावलं तेही लिहिलंय. आज सकाळी सात. दादा. आमच्याकडे यायच्या आधी लावून आला.

हॉस्पिटलला फोन केला. त्या नावाने कुणी खाट मागितलेलीच नाही.

मावशींचा फोन. त्या घरी पोचल्या. दादाने म्हणे आग्रहाने रिक्षात बसवून—

रिक्षात

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. लिहिलं नाही तर ओरडेन. शेजाऱ्यांना फोन लावला, ते बाहेर आहेत. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय म्हणे. सिग्नल लागलाय. लाल. अजून लाल.

दादाने चौथ्या वेळी फोन उचलला. आवाज अगदी शांत, हळू बोलत होता, कुणी झोपलं असलं की बोलतात तसा. म्हणाला, आप्पा झोपलेत ग, किती दिवसांनी गाढ झोपलेत, तू उगाच घाबरतेस, स्क्रीनवर सोळा आहेत.

मी म्हटलं दादा स्क्रीन बघू नकोस. उठव त्यांना. उठव.

तो म्हणाला सोळा आहेत.

मी म्हटलं दादा, तुझ्या पाया पडते, काही म्हणणार नाही तुला, कधीच काही म्हणणार नाही, फक्त त्यांच्या छातीवर हात ठेव. ठेव हात. हलतेय का ते सांग मला.

फोन चालू होता. तिकडे मशीनचा आवाज नव्हता, भोंगा नव्हता, काहीच ऐकू—

मी परत विचारलं. हलतेय का.

मग दादा म्हणाला, बारके, मी हात केव्हाचा ठेवलाय, आणि सेन्सर अजून उठलेला नाही